बाळाच्या वाट्याचा भोपळा

ज्याला चव कळली त्याला जग कळलं, असं कात्सुबे तोकुजी म्हणत. मात्सुए शहराचा पाणीपुरवठा सांभाळून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे बिनचवीच्या पदार्थांचा अनुभव दांडगा. त्या शनिवारी सकाळी ते हेच वाक्य फोनवर हेडमास्तर उएसाकांना ऐकवत होते आणि त्यांच्या पाठीमागे शेगडीवर भोपळा करपत होता.

करपल्याचा वास फोनवरून जात नाही, म्हणून तो हेडमास्तरांना आला नाही. तोकुजींना आला नाही, कारण ते चवीबद्दल बोलत होते.

फोन ठेवून वळले तेव्हा पातेल्याच्या तळाला डांबरासारखा थर बसला होता आणि वर उरलेला गर त्याच थराचा वास घेऊन बुडबुडत होता. त्यांनी चमच्याने वरचा गर हलकेच काढून चाखला. ज्याला चव कळते त्याचं एक दुःख असं, की त्याला स्वतःला फसवता येत नाही. पातेलं त्यांनी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. शेजारचं मांजर आलं, वास घेतला आणि परत गेलं.

पाहुणे घटकाभरात येणार होते. पाहुणे म्हणजे दोघंच, हेडमास्तर उएसाका आणि दातांचे डॉक्टर नोनोमुरा. तिघंही निवृत्त. नगरभवनात ‘पुरुषांसाठी स्वयंपाक’ असा वर्ग निघाला, तेव्हा पहिल्या दोघांना त्यांच्या बायकांनी तिथं पाठवलं होतं. तोकुजींची बायको हयात नव्हती, म्हणून ते आपणहून गेले. वर्ग संपला तरी एप्रन राहिले, आणि एप्रन आहेत म्हणून महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी जेवण सुरू झालं. यजमानाने रांधायचं आणि आपल्या अन्नाची निंदा करायची. पाहुण्यांनी ती निंदा खोडून काढायची. आमच्या मात्सुएत ही रीत सगळ्याच घरांत आहे, पण या तिघांनी तिचा आखाडा केला होता. मागच्या महिन्यात हेडमास्तर आपल्या भाताला ‘कुत्र्याच्या ताटातलं’ म्हणाले होते, आणि डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी आणून तिसऱ्यांदा वाढून घेतला होता.

या खेपेला तोकुजींनी भोपळ्याची सुरिनागाशी करायची ठरवली होती. भाजी उकडायची, वाटायची, चाळणीतून गाळायची आणि माशाच्या ढलप्यांच्या पाण्यात सैल करायची, एवढंच. मोठ्या खाणावळींत ती लाखेच्या वाटीतून येते आणि झाकण उघडताना लोक श्वास रोखून धरतात.

भाजी उकडून, वाटून, चाळणीतून गाळायचा उद्योग त्याच घरात आठवडाभर आणखी एक माणूस करत होतं. त्याबद्दल मात्र कुणी श्वास रोखला नव्हता.

ते माणूस म्हणजे तोकुजींची सून मिझुहो. मुलाची, मासाफुमीची, बदली हिरोशिमाला झाली होती. तो तिकडे एकटा, इकडे मिझुहो, तिचा दोन दातांचा मुलगा रिन्तारो आणि सासरे. मिझुहो चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून ती कामावर जाणार होती. पाळणाघरात जागा मिळाली होती, दिवसभराची, दुपारच्या जेवणासकट. पण तोकुजींनी हट्ट धरला. सकाळी ठेवा हवं तर, पण दुपारी मी त्याला घरी आणीन आणि मी भरवीन.

“म्हणजे, तसं नको असं नाही, बाबा,” मिझुहो म्हणाली होती. आमच्याकडे याचा अर्थ नको असा होतो.

तोकुजींनी तो अर्थ घेतला नाही. आजोबा झाल्यापासून त्यांना भाषा कमी समजू लागली होती. बायको गेल्यापासून त्या घरात दुपारच्या जेवणाला त्यांच्यासमोर कुणी बसलं नव्हतं, हे ते बोलले नाहीत, पण मिझुहोला दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, शनिवारी मला दुकानात अर्धा दिवस जायचंय, नव्या यंत्रांची माहिती देणार आहेत. त्या दिवशी भरवून बघा. जमलं तर सोमवारपासून तसंच करू. नाही तर पाळणाघराला दिवसभराचं कळवते.

शनिवारी पाहुणे आहेत हे तिला शनिवारी सकाळीच कळलं.

“जमेल ना, बाबा?” दारात चपला घालता घालता तिने विचारलं.

“अख्ख्या शहराला पाणी पाजलंय मी. एका पोराला भोपळा भरवता येणार नाही?”

“फ्रीजरमध्ये ट्रे आहेत. भोपळ्याची एक वडी, गाजराची एक, पेजेच्या दोन. वाफवायचं, कोमट करायचं. मीठ नाही, सोया नाही, काही नाही.”

“काही नाही,” तोकुजींनी मान डोलावली. मनातून त्यांना नातवाची दया आली.

तर आता पातेलं अंगणात, मांजर निघून गेलेलं, आणि तोकुजी फ्रीजरसमोर. दार उघडलं आणि ते बघतच राहिले. एकावर एक झाकणबंद बर्फाचे ट्रे. प्रत्येकाला कागदी पट्टी, तिच्यावर मिझुहोच्या बारीक अक्षरात नाव. पिवळ्याधमक वड्या, नारिंगी वड्या, सफरचंदाच्या फिक्या वड्या, पेजेच्या पांढऱ्या. सोनाराच्या दुकानात गेल्यासारखं वाटावं इतक्या सारख्या. बाळ झोपलं की ती चाळणी घेऊन बसायची. तोकुजी शेजारच्या खोलीतून ती लाकडी उलथन्याची खर्र-खर्र ऐकत बातम्या बघत आणि आवाज मोठा करत.

एक-दोन वड्या घ्याव्यात, पाहुण्यांपुरतं भागवावं, एवढाच त्यांचा विचार होता. पण दोन वड्यांनी लाखेच्या वाटीचा तळही झाकला नाही. बाळाचा घास आणि मोठ्या माणसाचा घास यांचं माप त्यांनी कधी लावलं नव्हतं. भोपळ्याचे ट्रे सगळे रिकामे झाले तेव्हा कुठे दुसऱ्या पातेल्यात वाढण्याजोगं काही दिसू लागलं. माशाच्या पाण्याचा त्यात त्यांनी थेंबही घातला नाही. धीर झाला नाही. चोरीच्या मालावर नक्षी काढू नये, एवढी समज त्यांना होती.

रिन्तारो सरकत्या दारापलीकडे गाढ झोपला होता. पाहुणे आले, वाकले, चपला वळवून ठेवल्या, पुन्हा वाकले.

वाट्यांची झाकणं उघडली. डॉक्टरांनी श्वास रोखला. हेडमास्तरांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. जन्मभर वह्या तपासल्यामुळे त्यांना काहीही तोंडात घालून लगेच बोलता येत नसे.

“मीठ नाही,” ते शेवटी म्हणाले.

तोकुजींनी झाकण परत वाटीवर ठेवायला हात पुढे केला.

“मीठ नाही, सोया नाही, माशाचं पाणीसुद्धा नाही. नुसता भोपळा. कात्सुबेसान, याला छाती लागते.”

“आपण सगळे भोपळ्याला लपवतो,” डॉक्टर म्हणाले. “यांनी त्याला उघड्यावर आणून बसवलंय.”

“छे हो,” तोकुजी म्हणाले, “काय आहे त्यात. बाळाचं खाणं ते.”

मग डॉक्टर हसायला लागले.

“ऐकलंत, हेडमास्तर? बाळाचं खाणं म्हणे.”

“ऐकलं. निंदा करावी तर अशी. माझं कुत्र्याचं ताट अगदीच फिकं पडलं हो.”

आपण खरं बोललो आणि ते कुठं पोचलंच नाही, हा अनुभव तोकुजींना नवा होता. नोकरीत उलटं व्हायचं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, या वेळी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“नाही, खरंच सांगतो. सुनेनं करून ठेवलंय हे. नातवासाठी.”

हेडमास्तरांनी वाटी खाली ठेवली.

“आणि वर श्रेय सुनेला देतायत. नोनोमुरासान, आपण दोघं काय शिकलो हो त्या वर्गात?”

आता माणसाने आणखी काय करावं? उठून ट्रे आणून दाखवावेत, हे एक करता आलं असतं. तोकुजी उठलेही. स्वयंपाकघरात गेले, फ्रीजर उघडला, आणि तिथं उभं राहून त्यांच्या कानात ‘छाती लागते’ हे शब्द पुन्हा वाजले. पाणीपुरवठ्यात असताना कुणी कधी पाण्याबद्दल तसं बोललं नव्हतं. नळ गेला तर फोन यायचे, नळ आला म्हणून कधी नाही.

तर ते ट्रे दाखवायला गेले आणि गाजराच्या वड्या वितळवून परत आले. भाजलेल्या माशाखाली त्यांनी नारिंगी तळं पसरलं. हेडमास्तरांनी त्याला ‘सूर्यास्त’ म्हटलं. मग सफरचंदाच्या वड्या, न वितळवता, निळ्या काचेच्या बशीत. “शेवटी बर्फ,” डॉक्टर हळूच म्हणाले, “आणि साखर नाही. दात बघितलेल्या माणसाला याची किंमत कळते.”

भोपळा गरजेपोटी गेला होता. गाजर आणि सफरचंद कौतुकापायी गेले.

सरकत्या दारापलीकडून आधी एक कुरकुर आली, मग चांगला खणखणीत आवाज. रिन्तारो उठला होता आणि त्याला भूक लागली होती. तोकुजींनी त्याला उचलून आणलं, लाळेरं बांधलं, आणि एका हातावर तो घेऊन दुसऱ्या हाताने फ्रीजर उघडला.

पेज तेवढी उरली होती.

त्यांनी पेज वाफवली, कोमट केली, आणि पाहुण्यांसमोरच बाळाला मांडीवर घेऊन बसले. पाहुणे कौतुकाने बघत होते. रिन्तारोने पहिला चमचा घेतला, जिभेने शांतपणे बाहेर ढकलला आणि हनुवटीवरून वाहू दिला. दुसऱ्याच्या वेळी मान वळवली. तिसऱ्याच्या वेळी तो रडला नाही. त्याने आजोबांच्या खांद्यावरून बघत हात लांब केला. तिथं शेगडीवर सुरिनागाशीचं पातेलं होतं, तळाशी पळीभर राहिलेलं.

“त्याला ते हवंय वाटतं,” डॉक्टर म्हणाले.

“नाही नाही, त्याला ते...”

“द्या की. मीठ कुठं आहे त्यात.”

यजमानाने पाहुण्याचं मोडू नये. तोकुजींनी पातेल्यातला भोपळा छोट्या वाटीत काढला. रिन्तारोने तो बघितला आणि चिमणीच्या पिलासारखा आ वासला. एक चमचा, दुसरा, तिसरा. नवीन चव आली की बाळ थबकतं, तोंड वेडंवाकडं करतं, विचारात पडतं. रिन्तारो विचारात पडला नाही. घरी परत आलेल्या माणसासारखा तो खात होता. मध्येच त्याने हेडमास्तरांच्या वाटीकडे बघितलं, आणि तिच्यातही तेच आहे हे कळल्यावर तिकडेही हात केला.

हेडमास्तरांच्या वाटीत घोटभर शिल्लक होतं. त्यांनी वाटी उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. त्यांची नजर बाळाकडून मोरीकडे गेली. तिथं रिकामे ट्रे पालथे पडले होते आणि पट्ट्यांवरची अक्षरं पाहुण्यांकडे तोंड करून होती, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. भोपळा, रिन. गाजर, रिन. सफरचंद, रिन. डॉक्टरांनी ती वाचली आणि आपल्या निळ्या बशीकडे पाहिलं. ती चाटूनपुसून स्वच्छ होती.

बाळाच्या गिळण्याचा आवाज तेवढा येत होता.

“लहानपणापासून सुरिनागाशी,” हेडमास्तर म्हणाले. “भाग्यवान आहे हो पोरगा.”

“भाग्यवान,” डॉक्टर म्हणाले.

त्यांना कळलं होतं. आणि आपल्याला कळलंय हे कात्सुबेंना कळू नये म्हणून दोघं इतकी धडपड करत होते, की डॉक्टर एकदम शिंजी सरोवरातल्या पाण्याच्या पातळीबद्दल बोलायला लागले. हेडमास्तरांनी हातातला घोट घ्यावा की ठेवावा याचा बराच विचार करून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तो बाळाच्या बाजूला सरकवला. मग ती आपली उष्टी वाटी आहे हे लक्षात येऊन परत ओढला. समोरच दातांचा डॉक्टर बसलेला. मोठ्यांच्या तोंडातली कीड बाळाला लागू नये म्हणून सगळ्या गावाला चमचे वेगळे ठेवायला लावणारा तो हाच.

दोघांपैकी एकाने जरी ‘काय हे, कात्सुबेसान’ म्हटलं असतं, तरी तोकुजींना बरं वाटलं असतं. त्याऐवजी दोघांनी चहा नको म्हटलं आणि आपापल्या वाट्या घासून ठेवल्या. ही जेवणं सुरू झाल्यापासून हे कधी झालं नव्हतं. दारात दोघंही तोकुजींना वाकले. हेडमास्तर बाळाला थोडं जास्त वाकले.

मिझुहो परत आली तेव्हा तोकुजी आतल्या खोलीत बातम्या लावून बसले होते. आवाज बंद होता. फ्रीजर उघडल्याचं त्यांनी ऐकलं. बंद झाल्याचं बराच वेळ ऐकू आलं नाही.

मग ती दाराशी आली.

“बाबा, रिन जेवला?”

“जेवला.”

“काय?”

“भोपळा.”

“बरं झालं.” “पाहुण्यांना आवडलं का?”

तोकुजींनी पडद्याकडे बघत मान हलवली. पडद्यावर कुणीतरी आवाजाशिवाय हवामान सांगत होतं.

“मोठ्यांना अळणी लागलं असेल,” मिझुहो म्हणाली. “तुमचे पाहुणे आहेत म्हटल्यावर मीच काहीतरी करून ठेवायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. चुकलंच माझं.”

आणि ती खरोखर वाकली. तोकुजींना वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. मात्सुएची जमीन तशी भुसभुशीत आहे, पण घेतलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मासे आणायला म्हणून बाहेर पडून भोपळा शोधला. भाजीवाल्याच्या दारातून ते दोनदा पुढे गेले, कारण आत हेडमास्तरांच्या बायको उभ्या होत्या. मासेही न घेता ते घरी आले. रात्रीचं जेवण झालं. मिझुहो सोमवारबद्दल काही बोलली नाही, आणि तोकुजींना विचारायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. हेडमास्तरांच्या बायको मोठं रंगीत बोचकं घेऊन उभ्या होत्या.

“कालच्या पाहुणचाराबद्दल. अगदी क्षुल्लक हो, लाज वाटते द्यायला. आमचे हे आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत, सारखं ‘घेऊन जा, घेऊन जा’ चाललंय. हे छोटं पाकीट नोनोमुरा डॉक्टरांकडचं.”

मिझुहो गुडघे टेकून वाकली. “छे, उलट आमच्याकडेच काही नव्हतं वाढायला,” ती म्हणाली. तिचं बोलणं इतकं खरं होतं की मागे उभ्या तोकुजींनी मान खाली घातली.

दार लागल्यावर तिने बोचकं सोडलं. वर सफरचंदं. खाली गाजरं. सगळ्यात तळाशी हिरव्या सालीचा भलामोठा भोपळा. डॉक्टरांच्या पाकिटात दोन दातांपुरता, बोटाएवढा ब्रश.

काल जेवढे पदार्थ खाल्ले तेवढे, उलट्या क्रमाने, परत आले होते. मिझुहो एकेक वस्तू ओट्यावर मांडत होती. ब्रश मांडला आणि तिने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, हे पाठीमागून कळेना. तोकुजींनी दोन्ही धरून चालायचं ठरवलं.

ते आत गेले. कोट घातला, जो बायकोच्या वर्षश्राद्धाला घालत. बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघ्यांवर बसले. हात पुढे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

“मिझुहोसान.” सुनेला ते एरवी नुसतं मिझुहो म्हणत. “मी बाळाच्या तोंडचं काढून माझ्या मित्रांना घातलं. एकदा घातलं ते नाइलाजानं. नंतर दोनदा घातलं ते माझं कौतुक झालं म्हणून. तुझ्या कष्टांवर मी माझं नाव सांगितलं नाही, पण लोकांनी माझं धरलं तेव्हा ते मनातून काढूनही टाकलं नाही. त्या दोघांना आता माहीत आहे, आणि ते मला काही बोलणार नाहीत, हे मला जन्मभर पुरेल. तू काल माझी माफी मागितलीस. ती मला उचलवत नाही. नातवाला भरवायची माझी लायकी नाही. पाळणाघराला दिवसभराचं कळव. मी तुला त्याबद्दल एक शब्द विचारणार नाही.”

हे सगळं त्यांनी कपाळ न उचलता म्हटलं, त्यामुळे शेवटची वाक्यं थोडी लाकडात गेली. मग ते तसेच थांबले. ओट्यावर सुरी ठेवल्याचा आवाज आला. पाणी सोडल्याचा आला, बंद केल्याचा आला.

“ते गाजर मऊ असताना गाळावं लागतं, बाबा,” मिझुहो म्हणाली. “गार झालं की चाळणीला चिकटतं. उद्या दुपारी मी नसणार. तुम्हाला यायला हवं ते.”

तोकुजींनी डोकं वर केलं. कपाळावर फळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या. तिने चाळणी आणि लाकडी उलथनं त्यांच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं आणि ती त्यांच्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत होती.

“आधी हात धुऊन या,” ती म्हणाली. “साबणानं.”